चेक क्रॉस केला का?

गेल्या रविवारी दुपारी माझ्या सासऱ्यांनी माझा लॅपटॉप बंद केला. बटण दाबून धरून, जीव जाईपर्यंत. "तापला होता हो," ते म्हणाले, "शिवाय घरघरत होता. झोप लागेना." मी म्हणालो, "असू दे, अप्पा." जावयाला याहून वेगळं काही म्हणायची सोय नसते. ते "असू दे" अजून घशात अडकलंय.

आधी त्यांनी नुसतं झाकण मिटून पाहिलं होतं म्हणे. पण झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, असं मीच सकाळी त्या यंत्राला बजावून ठेवलं होतं. यंत्राने आज्ञा पाळली. अप्पांना तो उद्धटपणा वाटला.

आत काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं नाही तर तुम्हीही बटण दाबाल. रुबी भाषेतली एक लहानशी लायब्ररी, म्हणजे जेम, मी सांभाळतो. फुकट. तिच्या पोटात सी भाषेतली एक जुनी लायब्ररी आहे. असला जेम इन्स्टॉल करायला घेतला की तो सीचा भाग ज्याच्या त्याच्या मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे त्या मशीनला कळेल अशा भाषेत उतरतो, आणि पडद्यावर रुबीवाल्यांना तोंडपाठ असलेली ओळ येते: 'बिल्डिंग नेटिव्ह एक्स्टेन्शन्स. धिस कुड टेक अ व्हाइल...' त्यातले तीन टिंब फार प्रामाणिक आहेत. त्या टिंबांपाशी बसून मी एकेकाळी नखं कापली आहेत, हातांची आणि पायांचीही. आणि एवढं थांबून शेवटी कळायचं की अमुक हेडर सापडलं नाही, बाकीचा तपशील लॉगमध्ये बघा.

मग लोकांनी तोडगा काढला की सीचा भाग आपणच आधी कंपाइल करायचा आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मचं तयार पॅकेज द्यायचं. नोकोगिरी हा जेम तर या वाट बघण्यासाठी बदनामच होता. त्याने जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स आणि मॅकसाठी तयार पॅकेजं द्यायला सुरुवात केली आणि जगभरातल्या लोकांची मिनिटं वाचली. तेव्हापासून सगळ्यांना सवय लागलीय. वाचलेली मिनिटं कुठून तरी यावी लागतात. माझ्या जेमपुरती ती माझ्या रविवारातून येतात.

यावेळचं निमित्त एका अनोळखी गृहस्थांची तक्रार. दोनच वाक्यं. "अल्पाइनवर चालत नाही. एवढं साधं तपासता येत नाही का?" साधं! लिनक्स म्हणजे एकच काहीतरी असतं असं ज्यांना वाटतं ते सुखी लोक. अल्पाइन हा लिनक्सचाच एक प्रकार. बहुतेक लिनक्सांत ग्लिब्सी नावाची सी लायब्ररी असते, अल्पाइनमध्ये मसल असते. एकीवर बनवलेला माल दुसरीवर नेला की 'अशी फाइल नाही' म्हणून ओरड होते. फाइल डोळ्यांसमोर असते. जी नसते ती तिला लागणारी दुसरीच फाइल, आणि ते त्या ओरडण्यात शेपटाला, कंसात लिहिलेलं असतं. पण मी नम्रपणे लिहिलं, "लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, बघतो." मी सगळ्यांनाच "असू दे" म्हणत आलोय, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

हे काम सीआयवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेवर, टाकायचं असतं, हे मलाही कळतं. सीआय गेल्या दोन आवृत्त्या लाल दिसतंय. का, ते शोधण्यापेक्षा घरी रेक-कंपायलर-डॉक हे हत्यार चालवणं सोपं वाटलं. त्यात प्रत्येक प्लॅटफॉर्मचा एक डॉकर कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत एक बंदिस्त छोटं मशीन, मिळतो आणि त्याच्या आत त्या प्लॅटफॉर्मचा माल काढणारा कंपायलर तयार बसलेला असतो. या कंटेनरांच्या इमेजेस, म्हणजे साचे, एकदा उघडल्या की जीबीत मोजायच्या. सीचा माझा स्वतःचा भाग चारशे ओळींचा. एवढीशी अंगठी पोचवायला आठ ट्रक बोलवावेत तसला प्रकार.

तर आठपैकी सात पॅकेजं झाली होती आणि आठव्याच्या ऐन मध्यावर अप्पांचा अंगठा पडला. झालेली सात डिस्कवर शाबूत होती. पण आठव्याच्या फोल्डरमध्ये एक फाइल शून्य बाइटची निघाली, आणि एकदा शून्य बाइटची फाइल पाहिली की माणसाचा कशावरच विश्वास उरत नाही. सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लावलं.

अप्पांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, आणि तिथेच घोळ झाला. "मी बसतो राखणीला," म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले. अप्पा निवृत्त ऑडिटर आहेत. चाळीस वर्षं लोकांच्या वह्यांत नाक खुपसून झालं, आता वह्या संपल्या, नाक तसंच आहे.

"आत्ता काय बनतंय?"

"मॅकचं पॅकेज, अप्पा."

"हा लॅपटॉप मॅक आहे?"

"नाही. लिनक्स."

"मग आत तो कंटेनर म्हणालात, तो मॅक आहे?"

"तोही लिनक्सच."

"म्हणजे बाहेर लिनक्स, आत लिनक्स आणि माल मॅकचा."

"हो."

"बरं. मॅकवर चालवून बघितला?"

"मॅक नाहीये माझ्याकडे."

"मग चालतो हे कशावरून?"

"नाही चाललं तर लोक कळवतात."

अप्पांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरचा कॅशियर पाणी मागायचा, असं सासूबाई सांगतात. मी पडद्याकडे बघत राहिलो. या विषयावरची एवढी चर्चा वाचली, एवढी कागदपत्रं चाळली, पण हा प्रश्न इतक्या उघडपणे कुणी विचारलेला मला आठवेना. मॅकचा प्रोग्रॅम लिनक्सच्या कंटेनरमध्ये बनतो, चालत मात्र नाही. ६४-बिट आर्मच्या लिनक्सचं पॅकेज निदान क्यूएमू लावून, म्हणजे तो प्रोसेसर असल्याचं सोंग आणून, गोगलगायीच्या वेगाने तपासता येतं. मॅकचं मी हात जोडून पाठवतो. हे मी अप्पांना सांगितलं नाही.

तेवढ्यात त्या जुन्या सी लायब्ररीचं कॉन्फिगर सुरू झालं. ते कधी पाहिलं नसेल तर सांगतो. शेकडो ओळी सरसर वर जातात, प्रत्येक ओळ 'चेकिंग'ने सुरू होते. कंपायलर आहे का, चालतो का, अमुक हेडर आहे का, इंट किती बाइटचा. अप्पांची पाठ ताठ झाली. इतकं चेकिंग त्यांनी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

"थांबवा, थांबवा. ही ओळ काय? चेकिंग व्हेदर वी आर क्रॉस..."

"कंपायलिंग. दुसऱ्या मशीनसाठी कंपाइल करतोय का, असं विचारतंय."

"चेक क्रॉस केला का, असं विचारतंय."

"तसं नव्हे, अप्पा."

"अहो, चेक आहे, क्रॉस आहे, आणखी काय पाहिजे? आणि पुढे उत्तर आहे 'येस'. कुणी दिलं उत्तर?"

"त्यानेच."

"विचारणारा तोच, सांगणारा तोच?" अप्पा माझ्याकडे कीव केल्यासारखे बघायला लागले. "चेक क्रॉस केला की कोपऱ्यात दोन रेघा दिसतात. नुसतं 'येस' लिहून भागत नाही. तोंडी उत्तर मी कधीच धरलं नाही."

पुढच्या प्लॅटफॉर्मला ती ओळ पुन्हा आली. त्याच्या पुढच्यालाही. "परत विचारतोय," अप्पा म्हणाले. "विश्वास नाही त्याचा तुमच्यावर." दर वेळी ते बोटाने हवेत दोन तिरप्या रेघा मारायचे. माझी बायको दारात येऊन आमच्याकडे बघून गेली. काही बोलली नाही.

मग निघालं सेंटओएस या जुन्या लिनक्सचं. मी सहज बोलून गेलो की ग्लिब्सीवाल्या लिनक्सचं पॅकेज सेंटओएस ७ वर बेतलेल्या इमेजमध्ये बनवतोय, ती २०१४ सालची सिस्टिम आहे. अप्पांना ते पटेना. आजच्या मशीनसाठी एवढं जुनं कशाला? त्यामागचं कारण मात्र खरोखर सुंदर आहे. नव्या ग्लिब्सीवर बनवलेला माल जुन्या ग्लिब्सीवर गेला की 'अमुक आवृत्ती सापडली नाही' म्हणून अडून बसतो. जुन्यावर बनवलेला नव्यावर बिनतक्रार चालतो. म्हणून जितक्या मागे जाता येईल तितकं मागे जायचं. सेंटओएस ७ ची ग्लिब्सी २.१७ आहे. जुन्या माणसाला कळेल अशा भाषेत बोललं की नव्यालाही कळतं, उलटं होत नाही, असं काहीसं मी म्हणालो. अप्पा खूश.

"मग आहे अजून ती सिस्टिम कामावर?"

"नाही. ३० जून २०२४ ला तिची सेवा संपली."

"निवृत्त."

"हो."

"तरी बोलावताय."

"तिच्याशिवाय होत नाही."

अप्पा पुढची दहा मिनिटं काही बोलले नाहीत. चेहऱ्यावर कुणीतरी शाल घातल्यासारखा भाव होता.

मला त्या शांततेत काम उरकता आलं असतं, पण अप्पांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे तक्ता आखायला घेतला. आडव्या ओळी आठ: लिनक्सच्या पाच, मॅकच्या दोन, विंडोजची एक. उभे रकाने चार: रुबी ३.१, ३.२, ३.३, ३.४. रुबीची नवी आवृत्ती दरवर्षी २५ डिसेंबरला येते. जगासाठी ती नाताळची भेट असते, माझ्यासाठी गृहपाठ. दर आवृत्तीला सीच्या बाजूचा सांधा बदलतो, त्यामुळे प्रत्येक पॅकेजात प्रत्येक रुबीची वेगळी फाइल भरावी लागते. आठ चोक बत्तीस. बुद्धिबळाचा अर्धा पट. विंडोजच्या फाइलचं नावही '.एसओ'नेच संपतं, आतून ती डीएलएल असते, आणि मॅकची '.बंडल'ने. हे अप्पांनी समासात 'खुलासा मागवणे' म्हणून टिपलं.

रात्री साडेनऊला आठही पॅकेजं झाली. मी रुबीजेम्सवर, म्हणजे जिथून सगळे जेम उतरवतात त्या साइटवर, पाठवायला हात घातला.

"माल मोजला?" अप्पा म्हणाले.

"मोजायचं काय त्यात? बिल्ड हिरवं आहे."

"पेट्या मोजल्यात. आत काय आहे ते बघितलंत? रिकाम्या पेट्यांवर शिक्के मारून गोदाम भरलेलं मी स्वतः पाहिलंय."

जेमची फाइल म्हणजे साधी टार, फाइलींचं गाठोडं असते, उघडायला दोन मिनिटं लागतात. म्हाताऱ्याचं समाधान करावं म्हणून (हे शब्द मी मनात म्हणालो आणि आता त्यांची लाज वाटते) आठही उघडली आणि आतल्या बत्तीस फाइलींवर 'फाइल' ही कमांड चालवली. फाइल कुठल्या प्रोसेसरची आहे, ते ती सांगते. अप्पांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त पेटीवरचं नाव आणि आतलं नाव जुळवत पेन्सिलीने टिक करत होते. एका ओळीवर पेन्सिल थांबली.

"बाहेर 'आर्म' लिहिलंय. आत चारही ठिकाणी 'एक्स८६-६४' आहे."

मी म्हणालो, असं होणार नाही. मग बघितलं. तसंच होतं. ३२-बिट आर्मच्या लिनक्सचं कॉन्फिगरेशन मी कधीतरी एक्स८६ च्या ओळींवरून चिकटवलं होतं आणि फोल्डरचं एक नाव बदलायचं राहिलं होतं. रेकने, म्हणजे बांधणी करणाऱ्या प्रोग्रॅमने, तिथे फाइल बघितली, 'आहेच की' म्हणाला आणि तीच पेटीत भरली. ६४-बिट आर्मची मी क्यूएमूवर चाचणी घेतो, ३२-बिटची कंटाळा म्हणून घेत नाही. सांगायची गोष्ट पुढेच आहे. जुनी पॅकेजं उतरवून पाहिली. मागच्या तीन आवृत्त्यांत हेच. दीड वर्ष.

"तक्रार आली नाही?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग हा माल कुणी उचलतच नाही," अप्पा शांतपणे म्हणाले आणि त्या ओळीसमोर एक गोल काढला.

दीड वर्ष दर आवृत्तीला ती इमेज उतरवली, ते पॅकेज बांधलं, पंखा घरघरवला, आणि तिकडे दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. असतं तर जेम लोड करताना पहिल्याच रिक्वायरला आपटलं असतं आणि दोन वाक्यांत माझी लायकी काढली असती. शिव्या देणाऱ्यांवर मी इतका वैतागतो, पण त्या रात्री त्या आर्मवाल्यांपैकी एकाने जरी शिवी दिलेली असती तर बरं वाटलं असतं. आणि जुन्या पॅकेजांची दुरुस्तीही होत नाही. रुबीजेम्सवरून आवृत्ती काढून घेतली तरी तोच क्रमांक लावून पुन्हा चढवता येत नाही. त्यामुळे ती चुकीची पॅकेजं माझ्या नावाच्या इतिहासात कायमची.

नाव बदललं, आर्म पुन्हा बांधलं, पुन्हा उघडलं, अप्पांनी पुन्हा टिक केली. पावणेअकराला सगळं वर गेलं. मी अल्पाइनवाल्यांना कळवलं, "नव्या आवृत्तीत दुरुस्त केलंय, कृपया बघा."

सकाळी त्यांचं उत्तर आलेलं होतं. "आता चालतंय. ३२-बिट आर्मवरच्या अल्पाइनसाठीही पॅकेज द्या."

अप्पा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी खिशातून तक्त्याचं ते पाकीट काढलं, पेन्सिलीला टोक आहे का ते अंगठ्याने बघितलं.

"नववी ओळ आखू?"