सिव्हिल बंद करा म्हणणाऱ्यांना एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सहा ग्रुपवर आला. भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, केमिस्ट लोकांच्या, इतकंच काय, आमच्या कॉलनीत पाणी किती वाजता येणार ते सांगायच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: "सरकारी दवाखान्यात चालत गेलेला माणूस आडवा बाहेर येतो. तिथले डॉक्टर काम करत नाहीत. आता प्रत्येकाच्या खिशात पाच लाखांचं कार्ड आहे, मग सिव्हिल बंद करा आणि तो पैसा कार्डात घाला. तसंही टॅक्स आम्ही भरतो आणि मजा फुकटे मारतात. इंग्लंडमध्ये बघा, सगळं फुकट आणि सगळे खूश." खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही.

माझं मेडिकल सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यासमोर आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल वाईटही लिहिणार आहे आणि रोज सकाळी शटर मला तिथंच उघडायचंय. काउंटरवर उभं राहून एकवीस वर्षं झाली.

आडवे बाहेर येणारे मी पाहिलेत. पण आत कसे जातात तेही पाहिलंय. रात्री दोन-अडीचला गाडी येते. पेशंटच्या नाकात नळी, मनगटाला आधीच लावलेली सुई, आणि नातेवाइकाच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीतली जाड फाईल. फाईल जाड म्हणजे हा माणूस चार-सहा दिवस कुठंतरी ॲडमिट होता. पहिलं डिपॉझिट दागिने ठेवून भरलं, दुसरं जमलं नाही, मग "आता सिव्हिलला हलवा" असं सांगितलं गेलं. सकाळी सातला तो जातो. गावात बातमी काय पोचते? सिव्हिलमध्ये नेला आणि गेला. आधीचे सहा दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात. शेवटच्या षटकात बॅट हातात दिलेल्याला हरल्याचा दोष द्यायचा, तसला हा प्रकार. दोन दवाखान्यांतले मृत्यू शेजारी मांडायचे असतील तर पेशंट कुठल्या अवस्थेत आत आला तेही मांडा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

आता वाईट. आत मिळायला हवीत अशी औषधं चिठ्ठीवर लिहून बाहेरून आणायला लावतात. ती चिठ्ठी घेऊन माणूस माझ्याकडेच येतो, आणि माझं निम्मं घर त्यावर चालतं. म्हणजे हे मी स्वतःच्याच पोटावर पाय आणून लिहितोय. आईला मी तिथं आठ दिवस ठेवलं होतं. बायकांच्या वॉर्डातल्या बाथरूमला आतून कडी नव्हती. एकजण आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. शेजारच्या कॉटवरच्या आजी आईला म्हणायच्या, "जावा तुमी, मी हाय हितं." उपचार चांगले झाले, आई घरी आली. पण घरी आल्यावर ती बोलायची ती कडीबद्दल, उपचारांबद्दल नाही. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यावर त्यानं सांगितलेला इलाज खोटा आहे.

डॉक्टर काम करत नाहीत, हा मुद्दा दोन ओळींत संपतो. रात्री अकराला माझ्याकडे बिस्किटचा पुडा घ्यायला येणारी शिकाऊ डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच कपड्यांत परत पुडा घ्यायला येते. कामचुकार तिथंही आहेत. ते कुठल्या कचेरीत नाहीत?

खरा मुद्दा कार्डाचा. तो नीट बघू.

आपल्या राज्यात या कार्डामागची सरकारी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सांगली नव्हती, साताराही नव्हता. आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं. पुढे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ च्या सप्टेंबरात आली, २०२० मध्ये दोन्ही जोडल्या गेल्या, आणि २०२४ पासून पाच लाखांचं कवच पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू झालं. योजना चांगली आहे. हृदयात स्टेंट बसवून, एक रुपया न देता घरी गेलेली माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत.

पण पाच लाख ही कमाल मर्यादा आहे, खिशातली रक्कम नव्हे. योजनेत उपचारांची यादी आहे, प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज आहे, आणि ते योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावरच मिळतं. यादीतले काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव ठेवलेले आहेत. म्हणजे सिव्हिल बंद केलं तर कार्डाचाही एक तुकडा गेला. जाता जाता एक कामाची गोष्ट: पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं भाडंही धरलेलं असतं. वरून पैसे मागितले तर तिथंच आरोग्यमित्राचं, म्हणजे पेशंटला मदत करायला योजनेनं बसवलेल्या माणसाचं, टेबल असतं, त्याला विचारा. हे टेबल बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा खांबाआड असतं, शोधावं लागतं.

आता कार्ड काय देत नाही ते माझ्या काउंटरवरून बघा. बीपी-शुगरची एक मावशी दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी येते. तिला महिन्याच्या गोळ्या हव्यात, पैसे आठवड्याचे असतात. मी पट्टी कात्रीनं कापतो, सात गोळ्या देतो. कधी म्हणते, "पाचच द्या, दोन दिस कळ काढतो." पाच लाखांच्या कार्डावर तिला यातली एकही गोळी मिळत नाही, कारण ती भरती नाही. उद्या तिची किडनी गेली की कार्ड डायलिसिस देईल. हा न्याय उलटा नाही का? केंद्र सरकार काढतं तो देशाचा आरोग्य-हिशेब सांगतो की २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता. उतरला, हे मान्य केलं पाहिजे. पण शंभरातले जवळजवळ चाळीस म्हणजे ही माझ्या कात्रीची बाजू आहे. मावशीला फुकट गोळ्या देणारं ठिकाण एकच, सरकारी ओपीडी.

दुसरं उदाहरण साप. शिराळा-वाळव्याकडे उसात पाणी पाजायला गेलेल्या माणसाला रात्री घोणस चावते. प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच लागतात. त्या तासाला कुठल्या दवाखान्याशी योजनेचा करार आहे हे बघत बसायचं की जवळचं सरकारी केंद्र गाठायचं? प्रतिविष कायम साठ्यात ठेवणं धंद्याच्या हिशेबानं परवडत नाही. मी स्वतः ठेवत नाही. कुत्रं चावल्याची लस, टीबीच्या गोळ्या, पोरांचं लसीकरण, पोस्टमॉर्टेम, सगळं त्याच रांगेत. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाची साखळी लागली, दोन डझनांवर पेशंट निघाले. ते मिरजेच्या सिव्हिलमध्ये गेले. तेव्हा शहरातले कितीतरी खाजगी दवाखाने दाराला कुलूप लावून होते, आणि 'सिव्हिल बंद करा' असा मेसेज कुणी पाठवला नव्हता.

मिरजेचंच बोलायचं तर, दवाखान्यांचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो. ते गाव वसलं कशावर? १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी काढलेल्या मिशन हॉस्पिटलवर आणि १९६२ च्या सरकारी मेडिकल कॉलेजवर. कर्नाटकातून, सोलापुराकडून पेशंट यायला लागले ते या दोन दारांशी. खाजगी गल्ल्या नंतर भरल्या.

टॅक्सचा मुद्दा वाचून मला हसू आलं. औषधांवर जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला तो बहुतेक औषधांवर १२ वरून ५ टक्के झाला, त्या आठवड्यात जुना माल आणि नवे दर यांचा मेळ घालताना आम्हा दुकानदारांना फेस आला. तर ही सात गोळ्यांची मावशी त्या सात गोळ्यांवरही टॅक्स भरते, आणि बंगल्यातले साहेब भरतात त्याच दरानं भरते. तिच्या साबणावर, चपलेवर, मोबाईलच्या रिचार्जवर आहेच. इन्कम टॅक्स नाही म्हणून तिला फुकटी म्हणायचं असेल तर आधी ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांकडे बघा. धर्मादाय म्हणून सवलती घेणाऱ्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या, असा राज्यात कायदा आहे. त्या खाटा मागितल्यावर "आज शिल्लक नाहीत" हे उत्तर माझ्या ओळखीच्या तिघांना मिळालंय. त्या खाटांबद्दल मात्र मेसेज येत नाही.

राहिलं इंग्लंड. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. सगळं फुकट म्हणाल तर इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, सूट असलेले सोडून. वेल्स आणि स्कॉटलंडात पडत नाहीत. ठरवून करायचे सत्तर लाखांवर उपचार २०२५ मध्ये रांगेत होते. आणि सगळे खूश? २०२४ च्या तिथल्या पाहणीत जेमतेम २१ टक्के लोक या सेवेवर समाधानी होते, १९८३ पासूनचा सगळ्यात खालचा आकडा.

पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटला. गरज पडली की उपचार मोफत मिळाले पाहिजेत, हे तत्त्व दहातल्या नऊ जणांना राखायचंय. म्हणजे ती माणसं सेवेवर चिडलेली आहेत आणि ती बंद करा असं म्हणत नाहीत. आपल्याकडे सेवा कशी आहे आणि ती कुणाला मिळते, हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधतात, म्हणून गाठोडंच नदीत टाकायची भाषा होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. २०२१-२२ चा आकडा १.८४ होता. चिडायचंच असेल तर या फरकावर चिडा.

भावकीच्या ग्रुपवर हेच थोडक्यात टाकलं तेव्हा आमच्या आबांनी विचारलं, "मग तू काय केलंस रं त्या कडीचं?" बरोबर विचारलं. लेखी अर्ज दिला होता, पोच घेतली होती. चार महिन्यांनी विचारायला गेलो तर बांधकामवाल्यांकडे पाठवलाय म्हणाले. परवा पुन्हा गेलो. दार नवीन बसवलंय, रंगही दिलाय. कडी बाहेरून आहे.