हीट पंपाचं एलिमेंट रोज का चालतं: मनीषनगरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही बिलाचे आकडे देऊन, मुद्देसूद लिहिलंत, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नागपूरच्या मनीषनगरातल्या या ताईंनी गच्चीवर दोनशे लिटरचा हीट पंप गिझर बसवला. घरात पाच माणसं, दोन बाथरूम. डिसेंबरपासून बिल उतरायच्या ऐवजी चढलं आणि पॅनेलवर एलिमेंटचं (म्हणजे साध्या गिझरसारख्या, मदतीला ठेवलेल्या विजेच्या कॉइलचं) चिन्ह रोज सकाळी पेटलेलं दिसतं. सर्व्हिसवाला "थंडीत असं होणारच, मॅडम" म्हणून निघून गेला. ताईंचं म्हणणं असं की हीट पंप साध्या गिझरच्या 'एक तृतीयांश वीज' घेतो, हे माझ्या आधीच्या लेखातलं गणित कागदावरचं आहे, हे यंत्र नागपूरच्या हिवाळ्यासाठी नाहीच, आणि आता एलिमेंटचा एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) कायमचा खाली पाडून ठेवलेला बरा.

तुमचा वैताग रास्त आहे. एवढे पैसे घालून बिल वाढलं तर कोणीही चिडेल. पण थंडीवर खापर फोडणं मला मान्य नाही, आणि सर्व्हिसवाल्याचं उत्तर तर अजिबातच नाही. त्या एका वाक्यामुळे खरं दुखणं शोधायचं राहूनच गेलंय.

हीट पंप कॉम्प्रेसरच्या जोरावर हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. हवा जितकी गार, तितकं त्याला जड जातं, हे खरं. ज्या देशांत बाहेर उणे पंधरा अंश असतात आणि हीट पंपावर अख्खं घर गरम ठेवतात, तिथे बाहेरचा पारा उतरला की घराची गरज वाढते आणि पंपाची ताकद त्याच वेळी घटते. एका तापमानाखाली पंप एकटा पुरत नाही, तिथून पुढे एलिमेंट लागतंच. पण तिथलेही जाणकार कारागीर कंट्रोलरमध्ये मर्यादा घालून ठेवतात: बाहेर अमुक अंशांपेक्षा जास्त असेल तर एलिमेंट चालूच होऊ द्यायचं नाही. त्या मर्यादेच्या वर ते चालताना दिसलं तर ते बिघाड समजतात, हवामान नव्हे.

आता आपलं बघा. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण दहा ते तेरा अंशांच्या आसपास असतो, कडाका पडला की सात-आठवर येतो. २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले, त्याची अजूनही आठवण काढतात. पण त्याच दिवसांत दुपारी पारा पंचवीसच्या पुढे जातो. हवा पाचेक अंशांच्या खाली गेली की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरायला लागतो आणि यंत्राचा वेळ तो वितळवण्यात जातो. आपल्याकडे तशा रात्री हिवाळ्यात मोजक्याच. त्यामुळे 'थंडीत असं होणारच' हे मनाली किंवा लेहमध्ये कोणी म्हटलं तर मी विचार करीन, मनीषनगरात नाही.

गणित कागदावरचं आहे म्हणालात, म्हणून तेही मांडतो. दोनशे लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासवर न्यायला एलिमेंटला जवळपास सात युनिट लागतात. हे भौतिकशास्त्र आहे, कंपनी कुठलीही असो. तेवढंच पाणी हीट पंप नीट चालला तर सव्वादोन-अडीच युनिटांत तापवतो. फरक रोजचा साडेचार युनिटांचा, महिन्याचा सव्वाशे ते दीडशे. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे आहेत. तुम्ही दिलेले आकडे बघता एवढ्या फरकाने तुमचं बिल तीनशेच्या टप्प्यापलीकडे गेलंय, आणि तिथून पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. बिलाचा उडालेला भडका सगळा यातच बसतो.

एलिमेंट खरंच किती चालतं हे पॅनेलच्या चिन्हावरून ठरवू नका, मीटरवर बघा. वीजमीटरवर एक लाल दिवा टिमटिमत असतो आणि शेजारी एका युनिटला किती टिमटिमा ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३२००. पहाटे फ्रिज, पंखे, मोटर बंद करा, फक्त गिझर चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून टिमटिमा मोजा. ३२०० चा मीटर असेल आणि नुसता कॉम्प्रेसर चालत असेल, तर मिनिटाला बत्तीस ते सदतीस होतील, कारण तो सहाशे-सातशे वॅट घेतो. दीड किलोवॅटचं एलिमेंट एकटं असेल तर ऐंशी. दोन्ही मिळून असतील तर एकशे बारा ते एकशे सतरा. ऐंशीचा आकडा आला तर सावध व्हा. त्याचा अर्थ कॉम्प्रेसर चालतच नाहीये आणि तुमचा महागडा हीट पंप साध्या गिझरचं काम करतोय.

एलिमेंट सारखं लागतं याची कारणं दोन जातींची असतात. एक म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण आपण त्याच्याकडे जे मागतोय तेच चुकीचं आहे. दुसरी, मागणी रास्त आहे पण यंत्र कमी पडतंय. पहिल्या जातीसाठी पैसा लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, "रात्री बंद ठेवतो, पहाटे साडेपाचला टायमरने लागतो आणि साडेसहापासून आंघोळी सुरू होतात." माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं याच वाक्यात आहे. सहाशे-सातशे वॅटचा कॉम्प्रेसर पाण्यात तासाला सुमारे दोन युनिट उष्णता सोडतो. दोनशे लिटरला त्याला साडेतीन तास लागतात. तुम्ही त्याला एक तास देता, आणि तोही दिवसातला सगळ्यात गार तास. कंट्रोलर बघतो की पाणी वीस अंशांवर आहे, मागणी साठची आहे, वेळ नाही. तो लगेच एलिमेंट मदतीला घेतो. घर गरम करणाऱ्या हीट पंपांतही हेच घडतं: रात्री थर्मोस्टॅट खाली करून पहाटे एकदम पाच-सहा अंश वर केला की मदतीचं एलिमेंट पेटतं आणि रात्रभराची बचत तासाभरात खर्च होते. साध्या गिझरची सवय आपल्या हातात बसलेली असते: लागेल तेव्हा लावा, झालं की बंद करा. हीट पंपाला ती चालत नाही.

टायमर दुपारी लावा, एक ते पाच. त्या वेळी तुमच्या गच्चीवरची हवा पहाटेपेक्षा पंधराएक अंशांनी गरम असते, कॉम्प्रेसर आरामात काम करतो आणि पाणी संध्याकाळच्या आत तयार होतं. चांगल्या इन्सुलेशनची टाकी रात्रभरात चार-पाच अंश गमावते, जास्त नाही. पन्नासला ठेवलेलं पाणी सकाळी पंचेचाळीसला मिळतं, आणि आंघोळीला आपण चाळीसच्या आसपासचंच घेतो. गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर दुपारची वेळ आणखीनच सोयीची. विदर्भातल्या हिवाळ्याचं हेच वैशिष्ट्य आहे, दिवस-रात्रीत एवढा फरक. पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात हे कोणी लिहीत नाही, पण नागपूरकराला हीट पंपातून सगळ्यात मोठा फायदा इथूनच मिळतो.

साठचा आकडा मात्र खाली आणा. बहुतेक घरगुती यंत्रांत कॉम्प्रेसर पंचावन्न ते साठपर्यंतच पाणी नेतो, पुढचे अंश एलिमेंटच्या वाट्याला जातात. म्हणजे शेवटचे ते पाच अंश, जे तुम्ही बादलीत गार पाणी मिसळून उतरवताच, तेच सगळ्यात महाग. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी साठ-पासष्टवर नेणारं निर्जंतुकीकरण असतं, तेवढं चालू असू द्या. साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, त्यासाठी ते आहे. त्या दिवशी एलिमेंट दिसलं तर काळजी नको.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर टाकीचा सेन्सर बघायला सांगा. तो एका बारीक नळीत घातलेला असतो. सर्व्हिसिंगमध्ये तो थोडा बाहेर सरकला की पाण्याऐवजी आजूबाजूची गार हवा मोजतो आणि कंट्रोलरला वाटतं टाकी गारच आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. चुकीचा सेन्सर खात्रीने चुकीचा आकडा सांगतो, हे आपल्या शहराला वेगळं समजवायला नको. पॅनेलवर बावन्न दिसत असेल तेव्हा टाकीलगतच्या नळाचं पाणी स्टीलच्या मगात घेऊन साध्या थर्मामीटरने मोजा. तीन-चार अंशांहून जास्त तफावत आली तर सेन्सरवरच संशय घ्या.

आणखी एक गोष्ट, जी प्लंबर सोडून कोणाच्या लक्षात येत नाही. बाथरूममधल्या मिक्सरला हँडशॉवर जोडलेला असतो. काही जण मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवतात आणि शॉवरच्या बटणाने पाणी बंद करतात. अशा वेळी गार पाणी आतल्या आत गरम लाइनीत शिरतं. बाहेर थेंबही पडत नाही, पण टाकी हळूहळू गार होत जाते. घरात कोणी तासभर पाणी वापरलेलं नसताना टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावा. लांबपर्यंत कोमट लागला तर पाणी कुठेतरी फिरतंय.

आता यंत्रच कमी पडत असेल तर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला खेटून, वर पत्र्याचं छप्पर असं दिसतंय. पावसाळ्यासाठी ते छान, पण हीट पंप स्वतः गार हवा बाहेर टाकतो आणि अशा कोपऱ्यात तीच हवा पुन्हा आत ओढतो. बाहेर सोळा अंश असताना त्याला आठचीच हवा मिळत राहते. एक उदबत्ती पेटवून हवा बाहेर पडते तिथे धरा. धूर लांब निघून गेला तर ठीक. वळून मागच्या जाळीकडे ओढला गेला तर यंत्राची जागा बदला किंवा मधे आडवा पत्रा लावून दोन्ही बाजू वेगळ्या करा. जाळीवर कबुतरांची पिसं आणि धूळ असेल तर मऊ ब्रशने काढा. पत्ती वाकेल एवढा जोर नको.

मग हवेला हात लावून बघा. कॉम्प्रेसर सुरू होऊन दहा मिनिटं झाली की बाहेर पडणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा स्पष्ट गार लागली पाहिजे. पंखा फिरतोय पण हवा तशीच आहे, किंवा कॉइलच्या पहिल्या एक-दोन वळणांवर बर्फ आणि बाकी कोरडं, तर यंत्रातला (फ्रिजमध्ये असतो तसा) गॅस कमी झालाय. इथे घरच्या उपायांची हद्द संपते.

बोअरच्या पाण्याचा विषय वेगळा. तुमच्या कूलरच्या जाळ्यांवर एका उन्हाळ्यात पांढरा थर चढत असेल, तर तसाच तो हीट पंपाच्या आतही चढतो. ज्या यंत्रात पाणी वेगळ्या एक्स्चेंजरमधून (गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागातून) फिरतं तिथे जास्तच. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि काम एलिमेंटवर येऊन पडतं. वरवर बघणाऱ्याला मात्र पाणी गरम मिळतंय, म्हणजे सगळं ठीक. पहाटे व्होल्टेज पडतं अशा वस्त्यांत तर कॉम्प्रेसर लागतच नाही, पण एलिमेंटला कमी व्होल्टेज चालून जातं. नागपूरच्या कडेच्या बेसा, हिंगण्याकडच्या वाचकांनी हे आधी तपासावं.

आता एमसीबीचं. कायमचा पाडून ठेवू नका, पण दोन-तीन दिवस जरूर पाडा, आणि त्याच दिवसांत टायमर दुपारचा व आकडा पन्नासचा ठेवा. एलिमेंटला वेगळा एमसीबी नसेल तर पॅनेलवर इकॉनॉमी मोड, म्हणजे एलिमेंटशिवाय चालणारा मोड, निवडा. संध्याकाळी पाचला पाणी पन्नासच्या जवळ आलं तर यंत्र निर्दोष आहे आणि वेळापत्रकच दुखणं होतं. चाळीसच्या खाली रेंगाळलं तर दोष यंत्रात आहे. त्या स्थितीत एलिमेंट कायमचं बंद ठेवलंत तर गॅस कमी असतानाही कॉम्प्रेसर दिवसभर रेटत राहील आणि वर्षभरात तो मोठा खर्च काढेल. शिवाय आठवड्याचं निर्जंतुकीकरणही बंद पडेल.

तसं निघालं तर सर्व्हिसवाल्याला पुन्हा बोलवा, आणि या वेळी नुसतं बघून जाऊ देऊ नका. गेज लावून दाब मोजायला सांगा, कॉम्प्रेसरच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावून अँपिअर घ्यायला सांगा, टाकीचा सेन्सर काढून पुन्हा बसवायला सांगा. तिन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या. यंत्र वॉरंटीत आहे, ते करणं त्यांचं कामच आहे. गॅस कमी निघाला तर आधी गळती शोधून वेल्डिंग, मग भरणी. नुसता गॅस टॉपअप करून गेले तर पुढच्या डिसेंबरला तुम्ही पुन्हा इथेच असाल.

आकडे हाती आले की मीटरच्या टिमटिमांसकट इथेच लिहा. दाब आणि अँपिअर कळले की गळती आहे की एक्स्चेंजर चोंदलाय हे बऱ्यापैकी सांगता येईल.