रुग्णवाहिकेला घाई करू देऊ नका

शहर तापलं की मदतीचे फोन एकदम वाढतात. रुग्णवाहिका मात्र होत्या तेवढ्याच राहतात. त्यातलीही एखादी आपल्या दारी वेळेत पोहोचू नये, म्हणून थोडे कष्ट तुम्हीही घ्या. सगळा भार नगररचनाकारांवर टाकणं बरं दिसत नाही.

आधी झाडं तोडा. सावली गेली की डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते सावकाश परत करतात. मग रात्रीही फोन थांबत नाहीत. एसी लावून घरातली उष्णता रस्त्यावर सोडा. गाडी दुहेरी रांगेत लावून, इंजिन चालू ठेवून आत गारव्यात बसा. पाचच मिनिटं तर!

खरी कारागिरी मात्र फाटकापाशी सुरू होते. रुग्णवाहिका किती वेळात आली हे मोजणारं घड्याळ बऱ्याच ठिकाणी ती पत्त्यावर थांबली की थांबतं. रुग्ण असतो सर्वात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली. मधलं अंतर कुठल्याच हिशेबात येत नाही, तेव्हा तिथे मनसोक्त कल्पकता दाखवा. जवळच्या फाटकाला कुलूप घाला. इमारतीचा क्रमांक वेलीआड लपवा. लिफ्ट अशी घ्या की स्ट्रेचर आडवं मावूच नये. भार वाढून वीज गेली, तर तेवढ्या लिफ्टचीही चिंता मिटली. कागदावर गाडी वेळेतच पोहोचलेली असते.

शंका असेल तर कॅनडाकडे पाहा. २०२१ च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटेत ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं दगावली, त्यातली ९८ टक्के घराच्या आत. उन्हात हिंडणारेच उष्माघाताने जातात, हा समज तरीही सोडू नका. वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींचं दार वाजवण्याचा त्रास वाचतो.

उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांपुढे जातं, माणूस बरळू लागतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करणं सर्वात मोलाचं असतं. म्हणून गाडी येईपर्यंत अजिबात पाणी ओतू नका. गादी भिजेल.

पत्ता विचारला तर ‘मोठ्या चौकातून आत’ एवढंच सांगा. चालकाने परत फोन केला तर उचलू नका. अनोळखी नंबर आहे.