पृथ्वीचे ठोके ४० हर्ट्झवर? पोहोचलेले नाहीत

“पृथ्वीच्या हृदयाचे ठोके ७.८३ वरून ४० हर्ट्झवर गेलेत. म्हणूनच झोप लागत नाही आणि २४ तासांचा दिवस १६ तासांत संपल्यासारखा वाटतो. उपाय ओंकार, कारण त्याची वारंवारताही ७.८३च.” हा मेसेज पुन्हा ग्रुपाग्रुपांवर फिरतोय.

‘पृथ्वीचे ठोके’: ७.८३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ७.८३ आवर्तनं) हा आकडा खरा, पण तो जमिनीच्या कंपनाचा नाही. जगात सेकंदाला साधारण ५० विजा चमकतात. त्यांच्या विद्युतचुंबकीय लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणातला विद्युतभारित कणांचा वरचा थर) यांमधल्या पोकळीत घुमतात, ७.८३ ही त्या घुमण्याची सर्वांत खालची वारंवारता. म्युनिकचे भौतिकशास्त्रज्ञ विनफ्रीड शुमान यांनी १९५२ मध्ये हे गणितानं वर्तवलं. जमीन स्वतः घुमते ती मोठ्या भूकंपानंतर. १९६० च्या चिलीतल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर तशी नोंद झाली. त्यातल्या सर्वांत संथ आंदोलनाला एका फेरीला लागतात ५४ मिनिटं!

‘४० वर गेली’: ही वारंवारता मुख्यतः पृथ्वीच्या आकारावर ठरते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, परीघ ४० हजार. भागून बघा, लहरीच्या पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या येतात. ४० यायचे तर परीघ साडेसात हजार किलोमीटरवर यायला हवा, म्हणजे पृथ्वी चंद्राहून लहान. दिवस-रात्र आणि सौरवादळांनी आकडा हलतो, पण हर्ट्झच्या काही दशांशांनी.

मग ४० आले कुठून? मेसेजसोबतचा रंगीत आलेख बहुधा रशियातल्या तोम्स्कचा असतो. त्याचा उभा अक्षच ० ते ४० हर्ट्झचा आहे. १४, २०, २६, ३३ च्या आसपासचे पट्टे त्यात नेहमीच असतात, त्या याच घुमण्याच्या वरच्या वारंवारता. पांढरा भाग म्हणजे संकेत जोरदार. जवळची वीज किंवा उपकरणातला अडथळाही तो उमटवतो. त्याचा अर्थ ‘वारंवारता वाढली’ असा लावणं म्हणजे निव्वळ अक्ष न वाचणं.

‘१६ तासांचा दिवस’: आण्विक घड्याळांनुसार दिवसाच्या लांबीतला फरक मिलिसेकंदांचा. दीर्घकाळात तर दिवस लांबतोच आहे.

‘ओंकार ७.८३’: २० हर्ट्झखालचा आवाज कानाला ऐकूच येत नाही, आणि ओंकार तर आपण ऐकतो. शिवाय तो हवेतला ध्वनी, या विद्युतचुंबकीय लहरी. मन शांत होत असेल तर जरूर करावा, शुमानला मध्ये ओढू नये.

‘झोप उडते’: या लहरींचं चुंबकीय क्षेत्र एखाद्या पिकोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं अतिसूक्ष्म एकक) घरात असतं. महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र त्याच्या सुमारे ४ कोटी पट आहे, आणि फ्रिजवर चिकटवलेला चुंबक अब्जावधी पट.