साहेब, आता विश्वस्त व्हा

बँकेच्या नोकरीत सिंगापूर, लंडन, दुबई करून तुम्ही निवृत्त झालात आणि नागपूरला धरमपेठेत परतलात. पडदे लावून झाले, इन्व्हर्टर बसला, आता दिवस जाता जात नाही. काळजी नको. फुटाळा तलावावर सकाळी फिरताना कुणीतरी गाठेलच, ‘साहेब, आमच्या संस्थेवर या न बाप्पा!’ लगेच होकार देऊ नका. ‘मला नुसतं नावाला यायचं नाही, काम करायचंय,’ असं आधी म्हणून घ्या. एकदा म्हटलं की पुन्हा म्हणावं लागत नाही.

एकाच संस्थेवर भागवू नका. एखादा वृद्धाश्रम, एक वाचनालय आणि मेळघाटातलं काहीतरी. मेळघाट हवंच. तिथे जावं लागत नाही, रामदासपेठेतल्या जेवणावळीत नुसतं नाव काढलं तरी पुरतं.

वार्षिक सभेला अर्धा तास उशिरा जा. तोवर गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊन त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झालेली असते आणि या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते. समोसे मात्र तेव्हाच येतात. विषय मुलींच्या वसतिगृहातल्या संडासाचा असेल, तर तुम्ही ‘गव्हर्नन्स’वर बोला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा तुम्ही कोणत्या मजल्यावर होतात, हे सविस्तर सांगा. मग जोखीम समिती नेमण्याची सूचना मांडा. संस्थेची सगळी रोकड गोदरेजच्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात असते, हे कुणी काढणार नाही. अनुमोदन मिळेल, संडास पुढच्या सभेत.

आता ताळेबंद. इथे जुनी सवय आडवी येते, म्हणून जरा सांभाळा. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद चोख असतील तरच पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, पैसे सोडताना तुम्ही कागद कसे बघायचात? बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, मालाचं वर्णन जुळत नाही, विमा एका दिवसाने उशिराचा आहे, की कागद परत! जहाज बंदरात उभं राहिलं तरी तुमचं मन द्रवत नसे. ती नजर विमानतळावरच सोडून या. इथे सचिव पानं दुमडून, पेन उघडून समोर धरतात आणि म्हणतात, ‘फक्त इथं, साहेब.’ ‘किरकोळ खर्च’ एवढा ठोक का, ‘इमारत निधी’ जमून इमारत काहून नाही, असले प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचे असतात, भल्या माणसाला नाही. सही करा, चहा घ्या.

परदेशातल्या मित्रांकडून देणग्या आणायचं आश्वासन मोकळ्या हाताने द्या. विदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आयुष्यभर केवायसी आणि परकीय चलन हाताळलेल्या माणसाला या कायद्याचे फॉर्म म्हणजे दुपारचं काम. म्हणूनच ते करू नका. ऑफिसातल्या बाई करतील. त्यांचं मानधन दिवाळीपासून थकलंय, पण पोर्टलचा पासवर्ड त्यांनाच पाठ असतो. (माझं विचाराल तर या संस्था त्या बाईंवरच उभ्या आहेत. लेटरहेडवर मात्र जागा नसते.)

सीएसआरचंही, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचंही, तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायला लावलंय आणि त्यातल्या एखाद्या कंपनीत तुमचा जुना सहकारी असणारच. त्याला आणा, मोठा चेक धरून फोटो काढा, संत्रा बर्फी द्या. पैसा कुठे खर्च झाला त्याचं विनियोग प्रमाणपत्र बाई बघतील.

कंटाळा आला की राजीनामा तोंडी द्या. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यायचा असतो, पण एवढ्यासाठी सिव्हिल लाइन्सपर्यंत उन्हात कोण जाणार? तुमचं नाव नोंदवहीत तसंच राहील आणि एखाद्या मे महिन्यात घरी नोटीस येईल. सचिवांना फोन लावा. ते अदबीनेच म्हणतील, ‘साहेब, आम्ही अडाणी माणसं. म्हणून तर हिशेब तुम्हाला दाखवून सही घेतली होती.’