लिंकनचं ते पत्र आणि तुमचं शेवटचं वाक्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन गुलामांना मुक्त करण्यासाठी योग्य वेळेची वाट पाहत थांबला, अशा माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली, मग एक दिवस जाऊ दिला आणि आता उत्तर लिहितोय. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की मी लिंकनची आरती ओवाळली. १ जानेवारी १८६३ ला सगळे गुलाम मुक्त झाले हे मी धादांत खोटं लिहिलं. ऑगस्ट १८६२ मधलं त्याचं पत्र वाचकांपासून लपवलं. काळ्या लोकांना देशाबाहेर वसवण्याचा त्याचा विचार गाळला. गुलामांनी पळून येऊन स्वतःची सुटका स्वतःच केली हे सांगितलं नाही. आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, लिंकनला नव्हे. सगळ्यात शेवटी हे वाक्य : "योग्य वेळेचं कौतुक त्यांनाच सुचतं, ज्यांच्या घरात कुणी कधी कुणाचा गडी म्हणून राबलं नाही. पेन्शन खात बसून हे लिहायला सोपं असतं."

आधी चूक कबूल करतो. 'सर्व गुलाम' हे शब्द चुकलेच. लिंकनचा तो मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर भागापुरता, म्हणजे अमेरिकेच्या संघातून फुटून त्याच्याशी युद्ध करणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांपुरता होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही संघात राहिलेली चार गुलामधारी राज्यं त्यात नव्हती. टेनेसी नव्हतं, लुइझियाना आणि व्हर्जिनियाचे काही भागही वगळले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. पण एका शब्दाच्या चुकीला 'धादांत खोटं' म्हणत नाहीत. खोटं हे जाणूनबुजून बोललं जातं. तीस वर्षं वर्गात इतिहास शिकवताना मुलांच्या चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या. एकालाही खोटारडा म्हटलं नाही.

आता ते पत्र. 'लपवलं' म्हणता, म्हणून सविस्तर लिहितो.

न्यू यॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली. त्याने २० ऑगस्ट १८६२ च्या अंकात लिंकनला उघड पत्र लिहून झोडपलं, की गुलामीला हात लावायला तुम्ही कचरता. लिंकनने २२ तारखेला उत्तर दिलं. तुम्ही त्यातलं जे वाक्य टाकलंय ते खरंच आहे : एकही गुलाम मुक्त न करता संघ वाचत असेल तर मी तसं करीन; सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन; काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसंच ठेवून वाचत असेल तर तेही करीन. एवढंच वाचलं तर माणूस थंड रक्ताचा वाटतो. मलाही महाविद्यालयात असताना तसाच वाटला होता.

पण तारीख बघा. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, लिंकनने मंत्रिमंडळाला मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला होता. म्हणजे ग्रीलीला 'करीन किंवा करणार नाही' असं लिहिणाऱ्या माणसाचा निर्णय झालेला होता. मग थांबला का? परराष्ट्रमंत्री सीवर्डने सांगितलं, सैन्य सगळीकडे मार खातंय, आत्ता हे काढलंत तर ती माघारीतली शेवटची किंकाळी वाटेल. आधी एक विजय मिळू द्या. तो विजय १७ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या अँटिएटमच्या लढाईत मिळाला, तोही निर्भेळ नव्हे. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० मृत, जखमी आणि बेपत्ता. पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, प्राथमिक जाहीरनामा निघाला.

मधल्या त्या दोन महिन्यांत लिहिलेलं हे पत्र आहे. ते ग्रीलीला उद्देशून असलं तरी त्याचे खरे वाचक वेगळे होते. संघासाठी मरायला तयार असलेला, पण काळ्या माणसासाठी बोटही न उचलणारा उत्तरेतला गोरा शेतकरी, आणि केंटकीतला गुलामांचा मालक. उद्या गुलाम मुक्त होतील तेव्हा ते संघ वाचवण्यासाठी झाले, हे त्यांना आधीच पटलेलं असावं, यासाठी ही पेरणी होती. तुमची भाषा वापरायची तर हा 'सौदा' होता. मी याला मशागत म्हणतो.

केंटकीची भीती काल्पनिक नव्हती. ३० ऑगस्ट १८६१ ला संघाच्याच सैन्यातल्या जनरल फ्रेमाँटने मिसूरीतल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं परस्पर जाहीर केलं. लिंकनने ते दहा-बारा दिवसांत मागे घ्यायला लावलं. त्यावर नाराज झालेल्या ब्राउनिंग या स्नेह्याला त्याने लिहिलं, की ही बातमी ऐकून आपल्या स्वयंसेवकांची एक अख्खी तुकडी शस्त्रं टाकून घरी गेली. केंटकी गेलं की सगळा डाव गेल्यात जमा. मग मिसूरी टिकत नाही, मेरीलँडही नाही. नकाशा उघडून वॉशिंग्टन शोधा. पोटोमॅक नदीच्या एका काठावर बंडखोर व्हर्जिनिया आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी मेरीलँड. मेरीलँड फुटलं असतं तर राजधानीच शत्रूच्या पोटात गेली असती, आणि मग जाहीरनामा कुठून काढायचा होता? युद्ध हरलेल्या राष्ट्राध्यक्षाने चाळीस लाख गुलामांपैकी कुणालाही मुक्त केलं नसतं.

आणि त्या पत्राची शेवटची ओळ तुम्ही का गाळलीत? ती अशी : हे मी माझ्या पदाच्या कर्तव्याप्रमाणे सांगितलं, सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वारंवार बोलून दाखवलेली वैयक्तिक इच्छा, तिच्यात मी काहीही बदल करत नाही. तुम्ही पत्र अर्धं टाकता आणि वर लपवण्याचा आळ माझ्यावर घेता. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. परदेशात वसवण्याची कल्पना त्याच्या डोक्यात होती आणि १४ ऑगस्ट १८६२ ला काळ्या प्रतिनिधींना बोलावून तो जे बोलला ते वाचवत नाही. पण माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. गुलाम स्वतः पळून छावण्यांत आले हे खरं, त्यावर वाद नाही. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेचंही तसंच.

मात्र ऑगस्ट १८६४ बद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही, म्हणून मी काढतो. युद्ध चिघळलेलं, निवडणूक तोंडावर. पक्षाचे लोक सांगत होते, दक्षिणेशी बोलणी करा, अट फक्त संघाची ठेवा, मुक्तीचं बाजूला राहू द्या. २३ ऑगस्टला लिंकनने एका कागदावर लिहिलं, की आपण हरणार असं दिसतंय. कागद घडी घालून मंत्र्यांपुढे ठेवला आणि आत काय आहे हे न दाखवताच कागदाच्या मागच्या बाजूला त्यांच्या सह्या घेतल्या. तरीही मुक्तीची अट त्याने सोडली नाही. पोर्ट हडसनला आणि ओलस्टीला लढलेल्या काळ्या शिपायांना पुन्हा गुलामीत ढकललं तर मी इहलोकी आणि परलोकीही शापित होईन, असं तो त्याच दिवसांत बोलला. ज्याला फक्त संघच हवा होता, त्याने हे का केलं असतं?

आता तुमचं ते शेवटचं वाक्य.

माझे आजोबा सालगडी होते. परभणीकडच्या एका मोठ्या वाड्यावर, एकोणीस सालं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : साल पाडव्याला ठरतं. मालक उचल देतो, ती वहीत लिहितो, गडी अंगठा देतो. मग वर्षभर ज्वारी, कपडा, दवापाणी सगळं त्याच वहीत चढत जातं आणि पुढच्या पाडव्याला कळतं की उचल फिटलेलीच नाही. आमच्याकडे त्या वहीचं एक फाटकं पान अजून आहे. त्यावर एकाखाली एक सात अंगठे आहेत. शेवटच्या दोन अंगठ्यांत रेषाच उमटलेल्या नाहीत. आजोबांच्या बोटांवर त्या उरल्याच नव्हत्या.

त्यांचं स्वतःचं फिटलं तेव्हा थोरले चुलते त्याच वाड्यावर गुरं राखायला होते, वेगळ्या उचलीवर. आजोबा निघाले असते तर मालकाने पोराला धरून ठेवलं असतं. म्हणून त्यांनी आणखी एक साल अंगावर घेतलं, आणि पुढच्या पाडव्याला बापलेक दोघं एकदम बाहेर पडले. आजीने ते जास्तीचं साल त्यांना कधी माफ केलं नाही. त्याच साली तिचं एक मूल तापाने गेलं, आणि वाड्यावरून बैलगाडी मिळाली नाही.

तेव्हा वाट पाहण्याची किंमत मला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. थांबलेला माणूस माझ्या घरात होता आणि त्या थांबण्याचा जाळ सोसलेली बाईही माझ्याच घरात होती. ज्याला तुम्ही ओळखत नाही, त्याच्या घरात कोण राबलं आणि कोण नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? तुम्ही टोपणनावाने लिहिता. तुमच्या घरचं मला काही माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. एवढी रीत तुम्हीही पाळायला हवी होती.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीत जन्मलेला आणि तिथून पळालेला माणूस. १८७६ साली वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाच्या अनावरणाला तो म्हणाला, की मुक्तिवाद्यांच्या जागेवरून पाहिलं तर लिंकन मंद, थंड आणि बेफिकीर वाटे. पण ज्या देशाच्या भावनेचा विचार राज्यकर्ता म्हणून त्याला करावा लागत होता, तिच्याशी ताडून पाहिलं तर तो चपळ, तळमळीचा आणि ठाम होता. तुम्ही यातलं पहिलं अर्धं धरून बसलात. माझ्या लेखात ते पहिलं अर्धं कमी पडलं असेल, एवढं मी मानतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पेन्शनचं वाक्यसुद्धा तसंच राहील. फक्त एक करा : ग्रीलीला लिहिलेलं ते पत्र तारखेसह आणि शेवटच्या ओळीसह, पूर्ण, इथेच खाली टाका.