सासूबाईंच्या खोलीतला पारा

मागच्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादरच्या मावसबहिणीनं लिहिलं, "आज सकाळी १६! काय गारठा पडलाय!" खाली तिचा गॅलरीतला फोटो. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात चहाचा कप. पाच मिनिटांत आमच्या ग्वाल्हेरच्या पोरांनी तिला सळो की पळो करून सोडलं. "मावशी, १६ ला आमच्याकडे पंखे चालू असतात." मग मॉन्ट्रियलच्या भाचीनं उणे २४ चा स्क्रीनशॉट टाकला आणि त्यावर कुणाला काही बोलता येईना. बहिणीनं एक हसरा चेहरा पाठवला आणि दिवसभर पुन्हा काही लिहिलं नाही.

मला ते फार लागलं. ती ६४ वर्षांची आहे, तिला संधिवात आहे, आणि तिला थंडी वाजत होती. वाजत होती म्हणजे वाजत होती. त्याला आमची मंजुरी कशाला हवी?

आणि शास्त्रही तिच्याच बाजूनं आहे. आपलं हवामान खातं थंडीची लाट ठरवताना सगळ्या देशाला एक माप लावत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असावं लागतं, डोंगराळ भागात शून्यावर, आणि किनाऱ्यावर मात्र १५ पुरेसं असतं. पण एवढ्यानं भागत नाही. त्या गावाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा पारा साडेचार अंशांनी तरी उतरलेला हवा. म्हणजे खात्याच्या लेखीसुद्धा थंडी ही त्या त्या गावाच्या सवयीवरून मोजायची गोष्ट आहे. दादरच्या बाईनं १६ ला स्वेटर घातला तर ती काही नाटक करत नाही.

मी मूळची निफाडची. महाराष्ट्रात थंडीची बातमी निफाडशिवाय होत नाही. लहानपणी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या बघितल्यात, घडांना गारठा लागून मणी तडकू नयेत म्हणून बाबा रात्रभर जागायचे. त्यामुळे ३३ वर्षांपूर्वी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा मला वाटत होतं, थंडी काय ती मला माहीत आहे. पहिल्याच जानेवारीत कळलं की नाही माहीत.

निफाडला पहाटे पारा ५ वर गेला तरी दहा वाजेपर्यंत चांगलं ऊन पडतं, दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. ती रात्रीची थंडी. ग्वाल्हेरची थंडी दिवसाची आहे. हिमालयात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची हवा, येऊन बर्फ टाकून गेला की मागून उत्तरेचं कोरडं वारं सुटतं, आणि मैदानात धुकं बसतं. पंजाबपासून बिहारपर्यंत जी धुक्याची चादर पसरते तिचा पदर आमच्या चंबळपर्यंत येतो. मग दोन-दोन, तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. पहाटे ६ आणि दुपारी १३, बस एवढाच काय तो फरक. इथले लोक त्याला 'गलन' म्हणतात. मराठीत मला अजून त्याला शब्द सापडलेला नाही. कडाका म्हणावं तर तो कोरडा असतो, अंगावर येतो आणि जातो. गलन आत शिरते. कपाटातल्या साड्या ओलसर लागतात, मीठ पाझरतं, रात्री अंथरुणात शिरलं की गादीच आपल्याला गार करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका हौसेनं काळ्या साड्या नेसतो आणि वरून शाल अशी लपेटून घेतो की कुणी काय नेसलंय ते वाणाच्या वेळीच दिसतं.

आता घराचं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जुनं, शिंदेशाहीतलं. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, छत पटियांचं म्हणजे दगडी लाद्यांचं, खाली फरशीही दगडी. दारं उंच, त्यांच्यावर झरोके, मधोमध उघडा चौक. बांधणाऱ्यानं अगदी विचार करून बांधलंय, पण मे महिन्याचा विचार करून. इथे उन्हाळ्यात ४५-४६ होतं, लू म्हणजे भाजणारं गरम वारं चालतं. तेव्हा हे घर आईसारखं वाटतं. बाहेर आग असते आणि आत पाय टाकला की जीव थंड होतो. तेच घर जानेवारीत उलटतं. दगड महिनाभर गार होत राहतो आणि तो गारवा सोडत राहतो. आमच्याकडे थंडीत बाहेरून आत आल्यावर स्वेटर चढवतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

भाचीला पटलं. ती दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला घेऊन जानेवारीत आली होती. पहिल्या दिवशी दोघं इथल्या मेळ्यात, म्हणजे जत्रेत, नुसत्या टीशर्टवर जॅकेट घालून हिंडले, गजक ही तिळाची मिठाई खाल्ली, मजेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गॅसजवळ येऊन उभी राहिली, ओठ निळसर, आणि म्हणाली, "मामी, मला आयुष्यात एवढी थंडी वाजली नव्हती." बारा वर्षं कॅनडात राहिलेली मुलगी! पोरं हसली. मी तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा तिनं नीट सांगितलं. तिकडे बाहेर उणे २० असतं, पण घरात २१, गाडीत २१, ऑफिसात २१. बाहेर असतात ती दहा-पंधरा मिनिटं, तीही पायापासून टोपीपर्यंत बंद होऊन. तिच्या प्रांतात, क्वेबेकमध्ये, १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला बर्फाचे वेगळे टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. रात्री बर्फ पडला की पहाटेपर्यंत रस्त्यावरून यंत्रं फिरून गेलेली असतात. "मामी, तिथे थंडी आहे, पण ती आमच्या अंगाला लागत नाही. इथे चोवीस तास लागते. झोपेतसुद्धा." तिच्या नवऱ्यानं फोनवर खोलीचं तापमान बघायचा प्रयत्न केला. ते काही फोनवर दिसेना, म्हणून दुपारी जाऊन साधा भिंतीवरचा तापमापक घेऊन आला. सकाळी सहाला आमच्या मधल्या खोलीत ९ अंश होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, घरात निदान १८ असावं.

असंच एकदा दारावर येणारा काश्मिरी शालवाला म्हणाला होता. दर वर्षी येतो, ओट्यावर गठ्ठा सोडून बसतो, सासूबाई त्याला चहा देतात. "अम्माजी, हमारे यहाँ बर्फ है, मगर ठंड आपके यहाँ है." तेव्हा मी ते विकणाऱ्याचं गोड बोलणं समजले होते. तो खरं बोलत होता. २१ डिसेंबरला त्यांच्याकडे चिल्ले कलां बसतो, कडक थंडीचे चाळीस दिवस. त्याची तयारी शरदापासून चालते. भाज्या वाळवून ठेवायच्या, कोळसा भरायचा, फेरन म्हणजे लांब सैल झगे काढायचे, फेरनच्या आत कांगडी, निखाऱ्यांची छोटी टोपली. ज्याला परवडतं त्याच्या घरात हमाम असतो, खाली लाकडं जळतात आणि वरची दगडी जमीन तापते. म्हणजे दगड त्यांच्याकडेही आहे, पण ते तो तापवतात. आमच्याकडे थंडी दीड महिन्याची पाहुणी, म्हणून कुणी तिची तयारीच करत नाही. "निघून जाईल" म्हणत आम्ही कुडकुडत बसतो. दर वर्षी.

या 'निघून जाईल'ची किंमत फार मोठी आहे. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातला एक अभ्यास आला होता. पारा १८ च्या खाली एकेक अंश उतरला की मृत्यू किती वाढतात ते त्यांनी गावोगाव मोजलं. दक्षिण फिनलंडमध्ये वाढ ०.२७ टक्के. अथेन्समध्ये, त्या उन्हाच्या देशात, २.१५ टक्के. बाहेर ७ अंश असताना फिनलंडमधली ७२ टक्के माणसं टोपी घालून बाहेर पडत होती, अथेन्समधली १३ टक्के. घरंही अथेन्सचीच गार होती. मी हे वाचलं तेव्हा आमची गल्ली डोळ्यासमोर आली. ७ अंशात दूध आणायला निघालेले, नुसत्या बनियनवर शाल टाकलेले, पायात चप्पल घातलेले आमचे काका लोक. "आम्हाला सवय आहे." सवय मनाला होते हो, रक्तवाहिन्यांना नाही. त्या थंडीत आकसतात, रक्तदाब चढतो, आणि पहाटे बाथरूममध्ये माणूस कोसळतो.

अमेरिकेतही हेच. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. सगळे एकाच वेळी घरी निघाले, रस्त्यावरचा बर्फ दबून काच झाला, मीठ टाकायच्या गाड्या पुरेशा नव्हत्या. लोक रात्रभर गाड्यांत अडकले, मुलं शाळेत झोपली. उत्तरेकडचे लोक तेव्हा अटलांटावाल्यांना हसले होते. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली. सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं दगावली. तिथलीही घरं उन्हाळ्याचीच, पातळ भिंतींची, विजेवर तापणारी. त्यात काही जण थंडीनं गेले नाहीत. ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळसा पेटवला, आणि त्या धुरानं गेले.

ते वाचताना माझे हात गार पडले, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच झालं होतं.

सासूबाई तेव्हा ८१ च्या. रात्री पाय गार पडतात म्हणून त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत होती. त्यांच्या सासूबाईंपासूनची. पण पूर्वी झरोके उघडे असायचे. आदल्या वर्षी मीच, मी स्वतः, वारा येतो म्हणून त्या झरोक्यांत थर्माकोल बसवून घेतला होता. दाराखाली गोधडीची गुंडाळी. निखारे छान लाल झालेले, धूर अजिबात नाही, म्हणून मी निर्धास्त. धूर दिसत नाही तेव्हाच घात असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो पकडून बसतो आणि माणसाला गुंगी येते. पहाटे पाचला त्यांची आंघोळीची वेळ. सव्वापाच झाले तरी बंब पेटवल्याची चाहूल नाही, म्हणून मी दार ढकललं. त्या पलंगावर बसल्या होत्या, एक पाय खाली सोडलेला, आणि मला ओळखत नव्हत्या. मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली. ओढत चौकात आणलं, उघड्यावर, ५ अंशाच्या थंडीत. ज्या थंडीपासून त्यांना वाचवत होते तीच हवा त्यांना पाजली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दोन दिवसांनी घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं.

दर थंडीत ग्वाल्हेर-चंबळच्या पेपरात आतल्या पानावर ही बातमी येते. खोली बंद, शेगडी, आणि झोपेत गेलेलं कुटुंब. चार ओळींची बातमी. मी ती वाचू शकत नाही आणि न वाचताही राहू शकत नाही. म्हणून जो कुणी हे वाचत असेल त्यानं आज रात्री आपल्या घरात आणि कामवाल्या बाईच्या घरात विचारून बघावं, शेगडी कुठे ठेवता. गेटवरच्या चौकीदारालाही विचारा. तो आपल्या पत्र्याच्या खोपटात दार लावून तसला, म्हणजे लोखंडी घमेलं, पेटवून बसतो. आमच्या कॉलनीतल्याला आम्ही वर्गणी काढून चांगली रजई, लोकरीचे मोजे आणि कानटोपी दिली, आणि शेकोटी बाहेरच पेटवायची असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

घरात काय बदललं तेही सांगते. झरोक्यातला थर्माकोल काढला, फक्त एक झरोका पडद्यानं झाकला. शेगडी चौकात गेली. सासूबाईंच्या खोलीत दगडी फरशीवर आधी ताडपत्री, मग सतरंजी, मग जुन्या रजया शिवून केलेलं जाड अंथरूण. पलंग बाहेरच्या भिंतीपासून दोन वीत आत ओढला. रात्री पायाशी रबराची गरम पाण्याची पिशवी. झोपायच्या आधी तासभर ऑइल हीटर, मग बंद. विजेचं बिल वाढलं. वाढू दे. आणि भाचीच्या नवऱ्यानं आणलेला तो तापमापक मी त्यांच्या उशाशी लावलाय. पहिल्या वर्षी पहाटे १० दाखवायचा, आता १५ च्या खाली फारसा जात नाही. १८ अजून गाठता आलेलं नाही.

सगळ्यात कठीण होती आंघोळ. सत्तर वर्षं पहाटे पाचला आंघोळ करून सोवळ्यानं देवपूजा करणाऱ्या बाईला अकरापर्यंत थांबा असं कोण सांगणार? मुलानं सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं. शेवटी पहिला हिवाळा त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनीच तोड काढली. पहाटे हात-पाय धुऊन, ऊन पाण्यानं अंग पुसून, मानसपूजा. आंघोळ आणि खरी पूजा अकरा वाजता, चौकात ऊन आलं तर. धुकं असेल त्या दिवशी नाही.

रविवारी रात्री मी त्यांना ग्रुपवरचा प्रकार वाचून दाखवला. पोरांचं हसणं ऐकून त्यांनी मान हलवली. मग चष्मा लावून उशाशी लावलेला पारा बघितला, १६ होता. म्हणाल्या, "अगं, तिला फोन लाव. तिच्या दादरलाही १६, माझ्या खोलीतही १६. तिला म्हणावं, पायमोजे घालून झोप. आणि पोरांना माझ्याकडे पाठव."